नॉबमागचा दिवा सुटा मिळू द्या : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,


मी वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातला. घरची चार एकर कोरडवाहू आहे, पण घर चालतं ते एमएच ३७ पाटीच्या एका पिकअपवर. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, उन्हाळ्याच्या तोंडावर तूर आणि हळद, मंगरूळपीरकडची संत्री, आणि बाराही महिने भाजीपाला वाहतो. गाडी माझी, चालवणाराही मीच. भाजीची गाडी रात्रीच निघते, कारण अकोल्याच्या बाजारात हर्रास सुरू व्हायच्या आत माल उतरला नाही तर तो आणल्याचा खर्चही निघत नाही. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य अंधारात गाडी चालवण्यात जातं. त्या अंधारातल्या एका फार लहान वस्तूबद्दल आपल्याला लिहितो आहे.

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर मधोमध तीन गोल नॉब आहेत. पहिला पंख्याच्या वेगाचा, दुसरा गरम-गार करण्याचा, तिसरा वारा कुठे सोडायचा त्याचा : तोंडावर, पायावर की समोरच्या काचेवर. तिन्ही एका मापाचे, एका घडणीचे. दिवसा वरची पांढरी चिन्हं वाचता येतात. रात्री पार्किंग लाइट लावला की त्या चिन्हांच्या मागे एक मंद दिवा लागतो आणि कोणता नॉब कोणता ते कळतं. गेल्या आषाढात हे दिवे गेले. स्पीडोमीटर उजळायचा, नॉब मात्र काळेठिक्कर. गाडी चालत होती, हेडलाइट चालत होते, म्हणून मीही दुर्लक्ष केलं. इतक्याशा दिव्यासाठी एक खेप कोण बुडवणार?

श्रावणात एका रात्री दीडच्या सुमारास मी मेडशी सोडून पातूरच्या घाटात शिरलो. मागे वांगी आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, कॅरेट, वर ताडपत्री. शेजारी माल ज्याचा तो आमच्या गावचा तरुण पोरगा. माल भरताना दोघंही भिजलेलो. बाहेर पाऊस धो धो, काच थंडगार, आत ओल्या कपड्यांची दमट हवा. अशा वेळी समोरच्या काचेवर आतून वाफ धरते. त्याला खात्रीचा उपाय हा : एसी लावायचा आणि त्याची कोरडी हवा काचेवर सोडायची. मी हात लांबवला, नॉब फिरवला. काच निवळायच्या ऐवजी आणखी पांढरी झाली. तिसऱ्या नॉबऐवजी मी दुसरा फिरवला होता.

गाडीचा वेग फार नव्हता, पन्नासच्या आसपास. पण पन्नासच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर पुढे जाते. मी तीन सेकंद चाचपडलो असेन, म्हणजे चाळीस मीटर घाटरस्ता मी न बघता कापला. पोराने मदत म्हणून मोबाइलची बॅटरी लावली. तो उजेड पांढऱ्या काचेवर आपटून माझ्याच डोळ्यांत आला आणि होतं नव्हतं तेही दिसेना. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एवढी सवय झालेली असते ती एका झगझगीत उजेडात क्षणात जाते. डाव्या चाकाखाली मुरूम लागल्याचा आवाज आला तेव्हा ब्रेक दाबला आणि गाडी थांबवली. तेवढ्यात मागून एक कंटेनर हॉर्न देत अंगावरून गेल्यासारखा गेला. त्याच्या वाऱ्याने आमची भरलेली गाडी हलली. पोरगा काही बोलला नाही. मी गळ्यातला दुपट्टा काढून काच पुसली, आणि अकोल्यापर्यंत दर दोन मिनिटांनी पुसतच गेलो.

माल विकून परतताना मी गाडी थेट शहरातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. कोणतं ते लिहीत नाही, कारण तिथला मुलगा अदबीने वागला आणि त्याच्या हातात काही नव्हतं. त्याने कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधलं. मग म्हणाला, "काका, याचा दिवा सुटा येतच नाही. अख्खं पॅनल बदलावं लागेल." साडेपाच हजार, मजुरी वेगळी, आणि ऑर्डर टाकल्यावर आठ-दहा दिवस. वॉरंटी संपून वर्ष झालेलं. गाडीचा हप्ता आणि डिझेल भागवल्यावर अकोल्याच्या एका खेपेत माझ्या हाती काय उरतं हे आपल्या खात्यातल्या कुणाला हवं असेल तर वहीसकट दाखवीन. साडेपाच हजार म्हणजे अशा पुष्कळ खेपा.

तिथेच बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी मला समजावलं, "तुमची गाडी धंद्याची. ग्राहक कायदा घरच्या गाडीवाल्यांना, तुम्हाला नाही." मला ते खरं वाटलं. आमच्याकडे बहुतेक गाडीवाल्यांना ते खरंच वाटतं. म्हणून इथे सगळ्यांना वाचता यावं असं लिहितो : ते खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही, असा खुलासा त्याच कलमाखाली आहे. जुन्या कायद्याच्या काळातच, १९९५ साली, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ट्रकचंच उदाहरण दिलं होतं : माल वाहून पोट भरण्यासाठी ट्रक घेऊन तो स्वतः चालवणारा माणूस ग्राहक ठरतो. वाशिमला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. १९१५ हा हेल्पलाइनचा नंबरही आहे. हे मला पस्तीस किलोमीटरवरच्या एका वकील मित्राने सांगितलं. गाडी घेताना चाव्यांबरोबर कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पण साहेब, मला खटला लढायचा नव्हता. मला दिवा हवा होता. म्हणून मी आमच्या वाटेवरच्या एका वायरिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याचं काम आपण पाहावं असं मला फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी म्हटलं, नॉबचे दिवे गेले. तो डॅशबोर्डकडे वळलाच नाही. गाडीच्या मागे गेला. "भाऊ, आधी मांगचा लाइट पाहू द्या." पुष्कळ गाड्यांमध्ये पार्किंग लाइटच्या एकाच फ्यूजवर मागचे लाल दिवे, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डची रोषणाई चालते. तो फ्यूज उडाला तर आतला अंधार चालकाला दिसतो, पण आपली गाडी मागून दिसेनाशी झाली आहे हे त्याला कळत नाही. रात्री उभ्या किंवा हळू चाललेल्या गाडीला मागून धडकण्यात किती जीव जातात ते महामार्गालगतच्या गावांना माहीत आहे. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला माझं कळकळीचं सांगणं आहे : डॅशबोर्ड अंधारला तर तशीच गाडी हाकू नका. खाली उतरा आणि मागचे लाल दिवे बघा.

माझे मागचे दिवे लागत होते. मग त्याने स्टिअरिंगखालची डिमरची चकती पाहिली, कारण कधीकधी कुणाचा तरी हात लागून ती पार खाली गेलेली असते आणि लोक उगाच डॅश उघडत बसतात. तीही ठीक होती. मीटर उजळतो आणि नॉबच तेवढे काळे, म्हणजे दोष पॅनलमध्येच. त्याने नॉबला फडकं गुंडाळून एकेक सरळ बाहेर ओढला, मग प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेची क्लिपं सोडवली. "स्क्रू-डायवर लावला तं डॅशवर वण पडते," म्हणाला. मागचा जोड काढला आणि हिरवी पाटी हातात आली.

माझ्या जुन्या गाडीत इथे गव्हाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा बल्ब असायचा. त्यावर हिरवी रबरी टोपी, आणि त्याचा होल्डर पाव फेरा फिरवला की बाहेर यायचा. दहा रुपयांचा बल्ब कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळायचा आणि तो मी स्वतः बदलायचो. नव्या गाडीत त्याजागी तिळाएवढे एलईडी पाटीवरच सोल्डर केलेले आहेत. मी कंपन्यांवर अन्याय करणार नाही. एलईडी बल्बपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, धक्के सोसतो, वीज कमी खातो. बदल चांगल्यासाठी झाला. पण आमच्या पांदण रस्त्यांवर भरल्या गाडीने रोज बसणारे हादरे, उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये साठणारी उष्णता, पावसाळ्यातली ओल हे सगळं मिळून सोल्डर तडकतं. दिवा जायचा तेव्हा जातोच. आणि पूर्वी जो दहा रुपयांत लागायचा तो आता साडेपाच हजारांच्या पॅनलखेरीज लागत नाही.

मिस्त्रीने डोळ्याला भिंग लावलं, मल्टिमीटरची टोकं एकेका एलईडीला टेकवली. पहिल्या नॉबचा एलईडी धड होता, फक्त खालचं सोल्डर तडकलं होतं. तापलेल्या सळईचं टोक टेकवलं आणि तो लागला. दुसऱ्याचा एलईडीच मेला होता. तो काढून नवा बसवला, आधी उलटा बसला म्हणून लागेना, कारण एलईडी एकाच दिशेने वीज घेतो, सुलट केला. त्याच्या आधी हजार ओहमचा रेझिस्टन्स जोडला. मी विचारलं, हजारच का? तो म्हणाला की गाडी चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट येतात, त्यातले तीनच या दिव्याला पुरतात, बाकीचे अकरा अडवायचे. आणि दिवा झगझगीत नको, डोळ्याला लागता कामा नये. हे शहाणपण मला फार मोलाचं वाटतं. आजकाल केबिनमध्ये निळ्या पट्ट्या लावून चालणारी पोरं पाहतो. तो उजेड काचेत उलटा दिसतो आणि रस्ता खातो. नॉबमागचा दिवा मंद असतो, तो मुद्दाम तसा केलेला असतो.

तिसरा नॉब, काचेवर हवा सोडणारा, त्याने केला नाही. त्याच्या मागची तांब्याची बारीक रेघ काळी पडली होती आणि पुढे ती एका काळ्या आयसीत शिरत होती. त्याने पाटी दोन वेळा उलटीसुलटी पाहिली, मग खाली ठेवली. "नकाशा असता तं केलं असतं भाऊ. अंदाजानं नाई करत. शॉर्ट झालं तं गाडी जळून जाईन." साहित्याचे वीस रुपये, मजुरीचे तीनशे घेतले.

तो अडला तो हुशारी कमी पडली म्हणून अडला नाही. सळई धरणारा हात त्याच्याकडे आहे, मीटर आहे, आणि कुठे थांबायचं हे कळणारी सचोटी आहे. त्याच्याकडे नाही तो एक कागद, वायरिंगचा नकाशा. तो कागद कुठेतरी आहे. ज्यांनी पाटी केली त्यांच्याकडे आहे.

आपल्या खात्याने ही वाट आधीच धरली आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच पत्र आपल्याला. जुलै २०२२ मध्ये आपल्या विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं होती, मोबाइल-टॅब होते, घरगुती उपकरणं होती आणि मोटारगाड्याही होत्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. पुढे वस्तू किती दुरुस्त करता येते याचा निर्देशांक ठरवायला दुसरी समिती बसली, आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला, तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. मोबाइलचं आधी होऊ द्या, तक्रार नाही. पण मोबाइलचा पडदा फुटला तर माणूस घाटातून खाली जात नाही. गाड्यांची आणि शेतीच्या अवजारांची पाळी कधी येणार, हे आम्हाला तारखेसकट कळायला हवं.

सुट्या भागांचा प्रश्न या देशात नवा नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीतून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच : सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तकं आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारातल्या मिस्त्रींना मिळू दिली जात नव्हती. दंडाचं पुढे अपिलांत काय व्हायचं ते झालं. माझ्या मनात राहिलं ते हे की रस्त्यावरच्या मिस्त्रीला माहिती मिळणं ही ग्राहकाची गरज आहे, हे आयोगाने तेव्हाच मान्य केलं होतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी थेट मतदानाने ठरवलं की गाडी दुरुस्त करायला लागणारी माहिती कंपनीच्या दुकानाबाहेरच्या मिस्त्रींनाही मिळाली पाहिजे. त्याच देशाच्या १०१ क्रमांकाच्या वाहन-सुरक्षा मानकात, हेडलाइट लावले की हिटर-एसीच्या नॉबांची चिन्हं उजळता आली पाहिजेत, असं लिहिलं आहे. म्हणजे नॉबमागचा दिवा तिथे सुरक्षेच्या मानकात बसतो. तो सजावटीचा नाही.

मग माझं मागणं काय? पॅनलच्या किमतीत सूट मला नको. कंपनीला दंड व्हावा असंही नाही. जो भाग झिजतो किंवा जळतो तो सुटा विकला जावा, आणि त्याचा नंबर व किंमत गाडीसोबतच्या पुस्तकात मराठीत छापलेली असावी. बल्ब असेल तर बल्ब, एलईडीची पाटी असेल तर फक्त ती पाटी. आणि गाडीच्या रोषणाईचा वायरिंग नकाशा आपल्या पोर्टलवर असावा, कुणालाही उतरवून घेता येईल असा. इंजिनाच्या कॉम्प्युटरची गुपितं कुणी मागत नाही. फ्यूजपासून नॉबपर्यंत वीज कोणत्या रंगाच्या वायरीने जाते, एवढंच हवं. आमच्याकडच्या आयटीआयमध्ये पोरं वायरमनचं आणि मोटार मेकॅनिकचं शिकतात. त्यांच्यापुढे असे खरे नकाशे ठेवले तर उद्या ही पोरं पुण्याला न जाता मालेगाव-रिसोडलाच चार पैसे कमावतील.

एक गोष्ट आपल्या खात्याची नाही, पण आपण परिवहन मंत्र्यांच्या कानावर घालावी. आमच्यासारख्या मालवाहू गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तपासणीत डॅशबोर्डवरची साधनं चालतात की नाही हेही पाहायचं असतं. पाहावंच, माझी ना नाही. पण ज्या दिव्यासाठी गाडीवाल्याला अडवलं जाऊ शकतं तो दिवा बाजारात सुटा मिळणार नसेल, तर त्या अडवण्याचा भार एकट्या गाडीवाल्याच्या डोक्यावर का? तपासणी करायची तर पुरवठ्याची जबाबदारीही त्याच कागदावर कंपनीच्या नावाने लिहा.

२०१८ पासून आमचा जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. आमच्या संत्र्या-भाजीला आता लांबचे बाजार जवळ झाले, हे खरंच चांगलं झालं. पण लांबचा बाजार म्हणजे लांबची रात्र. रस्ता जितका वाढला तितकं आमचं अंधारातलं चालवणं वाढलं. रस्ता सरकारने केला. गाडीच्या आतला उजेड टिकवायला माझ्या गावाजवळचा मिस्त्री तयार आहे. त्याचा हात तेवढा मोकळा करा.

तिसऱ्या नॉबचं आम्ही काय केलं ते सांगतो. घरी पाण्याची टाकी गळते म्हणून आणलेलं एमसील होतं. माझ्या बायकोने त्यातलं ज्वारीच्या दाण्याएवढं घेऊन नॉबच्या कडेवर, जिथे काचेचं चिन्ह आहे तिथेच, चिकटवलं. ते रात्रभर सुकू दिलं. आता बोट त्या दाण्याला लागलं की मला कळतं, हाच. डोळे रस्त्यावरच राहतात. आज रात्री पुन्हा अकोला आहे. आकाश भरून आलं आहे, ताडपत्री बांधून झाली आहे, आणि पत्र पोस्टात टाकायला पोरगा सकाळी वाशिमला जाणार आहे.

कळावे,

आपला,
एक पिकअपचालक
ता. मालेगाव, जि. वाशिम